पोटगीचा दावा आणि ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य

नवऱ्याने टाकलेल्या ख्रिस्ती स्त्रीने पोटगीसाठी सरकारी न्यायालयात जावे, की तो अन्याय मुकाट्याने सोसावा, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वारंवार उपस्थित होतो. कित्येक उपदेशक बंधू ह्याचे उत्तर झटकन देऊन मोकळे होतात. ते म्हणतात, पौल प्रेषिताने करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात भावाने भावावर अविश्वासी लोकांपुढे फिर्याद करण्याचा निषेध केला आहे. तेव्हा बाईने कचेरीची पायरी चढणे हे शास्त्राविरुद्ध होय. हे उत्तर देण्यास सोपे आहे, आणि ज्याला दरमहा काही द्यावे लागू नये असे वाटते त्या नवऱ्यास तर ते फारच गोड लागते. परंतु ते खरे आहे काय हे नीट पारखून पाहिले पाहिजे, कारण त्यावर कित्येक लेकरांची भाकर अवलंबून आहे.

प्रेषिताच्या बोलण्याचा रोख असा की, भांडण करण्यापेक्षा आपली हानी सोसून घेणे बरे. हे वचन आम्हांस शिरसावंद्य आहे. पण हानी सोसण्याचा अधिकार कोणाचा? ज्याची हानी झाली त्याचा. शेजाऱ्याने माझ्याकडून दोन पोती ज्वारी उसनी नेली आणि परत केली नाही, तर ती मी प्रभूच्या नावाने माफ करू शकतो, आणि तसे करणे हे माझ्या हृदयाचे मोठेपण ठरेल. परंतु त्याच शेजाऱ्याने पलीकडच्या विधवेची ज्वारी बुडविली असता, "जा, तुला माफ केले," असे मी त्यास परभारे सांगितले, तर ह्यास कोणी क्षमा म्हणेल काय? दुसऱ्याच्या धान्यावर मी दाखविलेले हे औदार्य होय, आणि असले औदार्य फार स्वस्त असते.

आता टाकलेल्या बाईकडे पाहा. तिच्या स्वतःच्या पोटापुरते जे नवऱ्याकडून येणे आहे, ते तिने मोठ्या मनाने सोडले तर सोडो. तिला मी आज्ञा करणार नाही, आणि दुसऱ्या कोणी करू नये. पण तिच्या कडेवर दोन वर्षांचे मूल आहे, आणि सात वर्षांची मुलगी शाळेत जात आहे. त्यांच्या अन्नाचे, वस्त्राचे, औषधाचे व शिक्षणाचे देणे बापाच्या अंगावर आहे. ते आईचे येणे नव्हे, लेकरांचे आहे. मग ते माफ करावयास आई तरी मुखत्यार आहे काय? आणि आई जर नाही, तर मंडळीचे वडील व पंच कोठून असणार?

पौलाने फिर्यादीचा निषेध केला तेथेच मंडळीत न्याय करू शकेल असा एखादा शहाणा मनुष्य नाही काय, असेही विचारिले आहे, हे आम्ही विसरतो. मंडळीतील शहाण्याने बापास समोर बसवून दरमहा रक्कम ठरविली, आणि ती खरोखर लेकरांच्या हाती पडते की नाही हे महिन्याच्या महिन्यास पाहिले, तर कचेरीचे काम काय? पण मंडळीला ती रक्कम वसूल करता येत नसेल, तर बाईला घरी बसविण्याचा तिला काय अधिकार? प्रभूने दाखल्यात सांगितलेली विधवा देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडेच पुनःपुन्हा गेली, आणि तिला कोणी दोष दिला नाही. स्वतः पौलाने फेस्तापुढे कैसराकडे दाद मागितली.

कोणी म्हणेल, दावा लावणारी बाई नवऱ्यास क्षमा कशी करील? ह्यात विरोध आहे असे मला वाटत नाही. जक्कयाच्या घरी तारण आले त्याच दिवशी त्याने फसवून घेतलेले चौपट परत देण्याचे कबूल केले. क्षमा मनातील वैर काढते; देणे आपल्या जागी राहते.

ह्या प्रसंगी हागारेची गोष्ट मला नेहमी आठवते. अब्राहामाने तिला व इश्माएलाला घरातून लाविले तेव्हा भाकर व पाण्याची मसक एवढेच बरोबर दिले. बैर-शेब्याच्या रानात ते पाणी सरले. आमच्या पंचांनी ठरविलेली एकरकमी पोटगी बहुतेक अशीच असते. बैठक भरते, शिक्क्याचा कागद आणितात, काही हजार रुपये बाईच्या ओटीत घालितात, तिचा अंगठा घेतात, आणि सर्व चहा पिऊन घरोघर जातात. वर्ष सरण्याआधी मसक रिकामी होते. रानात आईही रडली होती. परंतु देवाने मुलाची वाणी ऐकली असे शास्त्रात विशेषेकरून लिहिले आहे.

त्या शिक्क्याच्या कागदाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण त्यावर साक्षीदार म्हणून कित्येकदा उपदेशकाची किंवा पाळकाचीही सही असते. त्यात लिहितात की, आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त झालो, एकमेकांवर काही हक्क राहिला नाही, दोघांनी मनास येईल तेथे लग्न करावे. खाली नोटरीचा शिक्का मारला की गावाला वाटते, फारकत झाली. ती होत नाही. ख्रिस्ती दांपत्याचा विवाह १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्याखाली न्यायालयाने हुकूमनामा दिल्यावाचून मोडत नाही. पंचांनी, नोटरीने किंवा मंडळीने लिहून दिल्याने मोडत नाही. चर्चच्या धर्मन्यायालयाने दिलेल्या निर्णयानेही कायद्याने विवाह रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट सांगितले. म्हणजे त्या कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न करणारा मनुष्य पहिली बायको जिवंत असता लग्न करतो. त्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती दुसरी बिचारी बाई कायद्याने त्याची बायको ठरत नाही. असा एक कागद दोन घरे बुडवितो.

दुसरी गोष्ट याहून बारीक आहे. पोटगीच्या कायद्यात असे कलम आहे की, नवराबायको परस्परांच्या संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोस पोटगी मिळत नाही. कागदावरील "राजीखुशीने" हा एक शब्द नवऱ्याच्या वकिलास आयता सापडतो. ज्या बाईस मारून हाकलले, तिच्याकडून पंचांनी राजीखुशी लिहून घेतली, आणि पुढे तोच शब्द तिच्या गळ्याला फास झाला! पोटगीचा हक्क आधीच सोडून देण्याचा करार लोकहिताविरुद्ध आहे असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे खरे. पण ते सिद्ध करीत बसण्याची पाळी तिजवर का आणावी? लेकरांच्या हक्कास मात्र ह्या शब्दाने बाध येत नाही.

आमचा घटस्फोटाचा कायदाही पुष्कळ काळ स्त्रियांवर अन्याय करणारा होता. नवऱ्यास बायकोचा व्यभिचार तेवढा शाबीत करणे पुरे असे. बायकोस मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्याग असेही काही शाबीत करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली हा भेद घटनेविरुद्ध ठरविला, आणि २००१ साली संसदेने कायदाच बदलला. आता व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, सात वर्षे बेपत्ता असणे इत्यादि कारणे दोघांस सारखीच लागू आहेत. महारोग हे कारण २०१९ साली काढून टाकिले. तो बरा होतो हे आमच्या मिशनच्या दवाखान्यांनी ज्यांना शिकविले त्यांना ह्याचा आनंद वाटेल. उभयतांच्या संमतीने घटस्फोट मागावयाचा तर ख्रिस्ती लोकांस दोन वर्षे वेगळे राहण्याची अट घातली आहे, हिंदूंस एकच वर्षाची. ह्या भेदाचे कारण मला कधी समजले नाही. केरळ उच्च न्यायालयासही ते पटले नाही, आणि २०१० साली त्याने तो भेद टिकू दिला नाही.

परंतु पोटगी मागण्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, ही गोष्ट खेड्यातील बायांस कोणी सांगत नाही. विवाह मोडणे पाप आहे असे मानणारी बाईही, आपले कुंकवाचे नाते जसेच्या तसे ठेवून, आपल्या व लेकरांच्या पोटासाठी अर्ज करू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होत असे; १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. त्यात धर्माचा भेद नाही. बाई जेथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज होतो, आणि कुटुंब न्यायालय असलेल्या शहरात तेथे. २००१ पर्यंत ह्या कलमाखाली महिन्यास पाचशे रुपयांहून अधिक मिळत नसत. आता तशी मर्यादा नाही. दावा चालू असता मधल्या काळासाठीही रक्कम मागता येते, आणि त्या अर्जाचा निकाल नवऱ्यास नोटीस पोचल्यापासून शक्यतो साठ दिवसांत द्यावा असे कायदा सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले की, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दोन्ही पक्षांनी आपली मिळकत शपथेवर लिहून द्यावी.

ह्या शपथेच्या बाबतीत आमचे लोक फार ढिले आहेत. नवरा सांगतो, मला काम नाही. आणि तोच ऊसतोडीची उचल घेऊन बसलेला असतो. धडधाकट मनुष्याने मोलमजुरी करूनही बायकोमुलांचे पोषण केले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली म्हटले. बायकोनेही शिवणकामाचे किंवा आंगणवाडीचे उत्पन्न लपवू नये. खोट्या शपथेस सुवार्तेत जशी सवलत नाही तशी कचेरीतही नाही. हुकूम होऊनही जो पैसे देत नाही त्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आणि कैद भोगल्याने देणे फिटत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले आहे. बाईने मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत केला पाहिजे. भोळेपणाने वाट पाहत बसून कित्येकींची रक्कम बुडते.

मुलांचा ताबा कोणाकडे असावा ह्याविषयी लोकांची समजूत अशी की, ज्याची चूक त्याचे मूल गेले. तसे नाही. १८९० चा पालक व पाल्य ह्यांविषयीचा कायदा मुलाचे हित कशात आहे एवढे विचारितो. समजत्या मुलाचे मतही न्यायाधीश ऐकतो. शलमोनापुढे आलेल्या दोघींपैकी जिने मूल जिवंत राहावे म्हणून आपला हक्क सोडावयाची तयारी दाखविली तीच आई ठरली. ह्या कसोटीला आमच्यातील पुष्कळ आया व बाप उतरत नाहीत. एक म्हणतो, मूल दाखवीत नाही तर पैसे देणार नाही. दुसरी म्हणते, पैसे देत नाही तर मूल दाखविणार नाही. बापाने पैसे थकविले म्हणून मुलास बापाची भेट नको असे होत नाही, आणि भेट मिळाली नाही म्हणून मुलाची भूक थांबत नाही. ह्या बाबतीत आयांसही कठोर शब्दांत सांगण्याची मला गरज वाटते, कारण बापाविषयी विष पाजून वाढविलेले मूल पुढे आईवरही विश्वास ठेवीत नाही.

वकिलाच्या खर्चास भिऊन बाई मागे सरते. १९८७ च्या विधी सेवेच्या कायद्याप्रमाणे स्त्रियांस व मुलांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातच विधी सेवा समिती असते. तेथे साधा अर्ज द्यावा. बरोबर विवाहाच्या नोंदीचा उतारा आणि मुलांच्या जन्माचे दाखले न्यावे. जन्माची सरकारी नोंद नसेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीचा उतारा आधारास उपयोगी पडतो. ही रजिस्टरे पाळकाजवळ असतात. कोणतीही आई असा उतारा मागावयास आली तर तो त्याच दिवशी लिहून सही करून द्यावा. त्यासाठी पंचांची बैठक बोलावण्याचे किंवा नवऱ्याची परवानगी विचारण्याचे काही कारण नाही.