जवळ्यावरचा पाय

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी माझा जुना मित्र मीरा रोडला आमच्याकडे मुक्कामाला आला. त्याच वर्षी तो सिसिलीला जाऊन आला होता. भूमध्य समुद्राकाठचं चेफालू नावाचं छोटं गाव त्याच्या मनात इतकं भरलं होतं, की चहा निवला तरी वर्णन संपेना. मागे उभा कडा, पुढे निळं पाणी आणि मधे राजा रॉजरने ११३१ साली पाया घातलेलं कॅथेड्रल. आत शिरण्याआधी याच्या बायकोने ओढणीने खांदे झाकून घेतले होते. गावात मध्ययुगातला एक धुण्याचा घाट आहे. दगडी पायऱ्या उतरून गेलं, की वाहत्या पाण्याची कुंडं. धुणं धुणाऱ्या बायका कधीच्या गेल्या. त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले दगड राहिले. त्यांना याने अलगद हात लावून पाहिला म्हणे, देवळाच्या उंबऱ्याला लावतो तसा.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे काय आहे बघण्यासारखं?"

"आमच्याकडे? इमारती," मी म्हणालो.

बायकोने स्वयंपाकघरातून आठवण करून दिली, "अहो, उत्तनला घेऊन जा की त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईंदर पश्चिमेहून आम्ही बस धरली. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडली, इमारती विरळ झाल्या, मिठागरांचा सपाट उजेड दिसू लागला. मित्र खिडकीला नाक लावून बसला होता. मी मोबाइल बघत होतो. या रस्त्याने मी किती वेळा गेलोय, मला काय नवीन?

आधी चौक गावाच्या टेकडीवर गेलो. वसईच्या खाडीचं तोंड इथून डोळ्यांत भरतं, समोर पलीकडे वसई. इथे धारावीचा किल्ला होता. आता त्याचे अवशेष आहेत आणि चिमाजी आप्पांचं स्मारक. मुंबईतल्या धारावीशी याचा संबंध नाही. इथल्या तारोडी गावात धारावी देवीचं देऊळ आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि आसपासची बेटं तहात पोर्तुगिजांना दिली. सव्वादोनशे वर्षांच्या आत मराठ्यांनी त्यांतला बराच भाग जिंकून घेतला. मार्च १७३९ मध्ये धारावी हाती आली, खाडीचं तोंड आवळलं गेलं आणि मे महिन्यात वसई पडली.

मित्र म्हणाला, "म्हणजे जो आला त्याला ही मोक्याची जागा वाटली. आणि इथे राहणाऱ्याला?"

"त्याला घर," मी म्हटलं. वाक्य छान जमलं असं वाटून मी स्वतःवर खूशही झालो. पुढे अर्ध्या तासात माझी ती खुशी उतरली.

उत्तन-पाली हा पट्टा ख्रिस्ती कोळ्यांचा. समुद्रमाउलीच्या नावाचं चर्च, होड्यांवर क्रूस, आणि घराघरांतून मराठीच. पावसाळ्यातली जून-जुलैची मासेमारीबंदी संपली, की होड्या डोल जाळी घेऊन निघतात आणि हिवाळ्यापर्यंत किनारा सुक्या मासळीने भरून जातो. बांबूंच्या मांडणीवर दोऱ्या ताणलेल्या, आणि त्यांवर दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. बोंबलाच्या अंगात पाणीच फार. ऊन आणि वारा दोन्ही मनासारखे मिळाले तरच तो नीट सुकतो. हजारो बोंबील एकाच वाऱ्यावर हलत होते. मित्र थबकला. जवळच मासळी निवडणाऱ्या बाईंना त्याने विचारलं, "मावशी, फोटो काढला तर चालेल?" त्यांनी मान हलवली.

त्याला अजून चांगला कोन दाखवावा म्हणून मी पुढे झालो. मागून आवाज आला, "दादा, फोटो काढा, पण पाय बाजूला घ्या. खाली जवळा आहे."

खाली पाहिलं. जमिनीवर अंथरलेल्या जाळीवर गुलाबी-पांढरा जवळा उन्हात पसरला होता आणि त्याच्या मधोमध माझी चप्पल. मी वाळूच समजलो होतो. मावशी रागावल्या नव्हत्या, आणि त्यामुळे जास्त लागलं. रोजचंच असावं, अशा स्वरात त्या बोलल्या होत्या.

परतताना एकच प्रश्न घोळत राहिला. दोघांपैकी पाहुणा तो होता. मी तर याच मीरा-भाईंदर महानगरपालिकेचा करदाता. मग विचारलं त्याने, आणि तुडवलं मी, असं कसं? उत्तर बहुधा प्रश्नातच आहे. पाहुणा म्हणून गेलो, की आपण पाय जपून टाकतो. 'आपलंच आहे' म्हणून गेलो, की पायाखाली बघत नाही. चेफालूच्या घाटावर मीही दगडांना हळूच हात लावला असता. उत्तनच्या खळ्यावर बायका अजून जित्याजागत्या काम करत आहेत, म्हणून ते मला प्रेक्षणीय वाटलं नाही, आणि प्रेक्षणीय नाही म्हणून जपण्यासारखंही वाटलं नाही.

'अतिथी देवो भव' आपण यजमानाला ऐकवतो. पाहुण्याने कसं वागावं, हे त्यात येत नाही. पण आपल्या परंपरेने तेही सांगून ठेवलंय. एकच रात्र राहतो तो अतिथी, अशी मनुस्मृतीतली व्याख्या आहे. मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्याची आपल्या म्हणींनी पुरती टर उडवली आहे. त्यात मित्राचं विचारणं मिळवलं, की पाहुण्याचा धर्म दोन गोष्टींचा होतो: विचारून यावं आणि वेळेत जावं. जगातली नावाजलेली गावं आज हेच निराळ्या भाषेत सांगू लागली आहेत. २०२४ साली व्हेनिसने काही ठरावीक दिवशी नुसत्या दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. यजमान थकले आहेत.

उत्तनच्या यजमानांची गोष्ट मात्र याहून अवघड आहे. आमच्यासारखे लोक रविवारी येतात आणि संध्याकाळी जातात. पण आमचा एक रोजचा पाहुणा आहे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या या शहराचा कचरा उत्तनच्याच धावगी डोंगरावर जातो. तो न विचारता येतो आणि आला की हलत नाही. तिथे आग लागली की धूर गावावर पसरतो. त्या धुराविरुद्ध आणि शेतात, समुद्रात झिरपणाऱ्या काळ्या पाण्याविरुद्ध तिथले लोक वर्षानुवर्षं बोलत आले आहेत. बोंबील सुकवायला लागतो तो वारा, आणि धूर वाहून आणतो तोही वाराच. चौकच्या टेकडीवर आम्ही ज्यांच्याबद्दल बोललो, त्या 'मोक्याची जागा' शोधणाऱ्यांत आमच्या इमारतीची कचऱ्याची बादलीही आहे.

कचरा कुठेतरी जायलाच हवा, हे खरं. आणि एवढ्या मोठ्या शहराचा प्रश्न एका घरातल्या दोन डब्यांनी सुटत नाही, हेही खरं. पण ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा, हा २०१६ पासूनचा नियम आहे. आमच्या सोसायटीत तो नोटीस बोर्डावर लावलेला आहे, आणि त्याच्याच खाली सगळं एका पिंपात पडतं. त्या पिंपात मीही टाकतो. सरकारला विचारायचे प्रश्न विचारावेतच. मात्र ते विचारताना आपला पाय कशावर आहे, तेही बघावं.

निघताना मावशींकडून दोन मापं जवळा घेतला. त्यांनी वर मूठभर घातला. माझ्या चपलेखाली गेलेल्याचं मोल देऊ का, असं विचारायचं मनात आलं. तोंडातून निघालं नाही. बसमध्ये पिशवीचा वास दरवळला तसं पुढच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला पदर लावला. समोरून कचऱ्याच्या गाड्या येत होत्या, उत्तनच्या दिशेने. त्यांचा वास आला तेव्हा ड्रायव्हरने काच वर केली. मित्राने माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

घरी बायकोने जवळा पाण्यात घातला, चोळला, वरच्यावर उपसून घेतला. पातेल्याच्या तळाशी थोडी वाळू उरली.

"किनाऱ्यावरची दिसते," ती म्हणाली.

असेलही. मी चप्पल उचलून बाहेर नेली आणि नळाखाली धरली.