पांढरे सोने आणि घामाचा हक्क

यवतमाळ जिल्ह्यात कापसाला पांढरे सोने म्हणण्याची जुनी रीत आहे. ज्यांनी ते पिकविले त्यांच्या हाती ते किती दिवस राहिले, हे मात्र कोणी फारसे विचारत नाही. वाचकहो, समाजवादी विचार का जन्मला हे जाणण्यासाठी लंडन-पॅरिसची ग्रंथालये धुंडाळण्यापूर्वी वणी किंवा पांढरकवड्याच्या जिनिंगच्या आवारात थोडा वेळ उभे राहून पाहावे.

1853 मध्ये निजामाच्या वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्रज गिरणीवाल्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. भाव चढले; युद्ध संपताच कोसळले. चढत्या भावाच्या भरवशावर घेतलेले कर्ज मात्र सावकाराच्या वहीत तसेच राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अरुंद रूळ पडले, तेही प्रामुख्याने कापूस बाहेर नेण्यासाठी. आज आपण त्या गाडीला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणतो. तिच्या डब्यांतून काय गेले आणि काय परत आले, याचा हिशेब प्रेमाने मांडता येत नाही.

इंग्लंडमधील सूतगिरण्यांचे माहेरघर म्हणजे मँचेस्टर. तेथे 1842 मध्ये फ्रेडरिक एंगेल्स नावाचा तरुण वडिलांच्या भागीदारीतील गिरणीत काम शिकण्यासाठी गेला. मजुरांच्या वस्त्या पाहून तो हादरला आणि 1845 मध्ये त्याने त्यांच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला. 1848 मध्ये कार्ल मार्क्ससह जाहीरनामा काढला. त्यांच्याही आधी रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने स्कॉटलंडमधील आपल्या गिरणीत दहा वर्षांखालील मुले कामाला घेणे बंद केले होते. मुंबईत 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभारली. आणि 1925 मध्ये कानपूरला भरलेल्या कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष होते मौलाना हसरत मोहानी, अनेकदा हज केलेले नमाजी कवी. त्यांचे सर्व निष्कर्ष आपल्याला पटोत न पटोत, त्यांना अस्वस्थ करणारा प्रश्न दीनबाहेरचा होता असे कोण म्हणेल?

सूरह अल्-हश्रमध्ये संपत्तीच्या वाटणीमागील हेतू सांगितला आहे: ती केवळ धनवानांतच फिरत राहू नये. सूरह अल्-बकरामध्ये रिबा निषिद्ध ठरविला आहे, आणि अडचणीतील कर्जदाराला सवड द्यावी, सोडून दिले तर अधिक चांगले, असा उपदेश आहे. ज्या जिल्ह्याचे नाव कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोहोचले, तेथे ही शिकवण केवळ पठणाची राहू शकत नाही.

उश्रचा नियम पाहा. प्रेषित (स.) यांनी पावसावर किंवा झऱ्यावर पिकणाऱ्या शेतीत दहावा हिस्सा ठरविला आणि पाणी ओढून द्यावे लागते तेथे विसावा. ज्या पिकात माणसाचे कष्ट अधिक, त्यावरील भार निम्मा. घामाला कायद्यात मोल देण्याची ही दृष्टी सातव्या शतकातील आहे. परंतु ‘हे सारे आमच्याकडे आधीपासूनच आहे’ असे म्हणून समाजवाद्याला गप्प करण्याची आपल्याला जी सवय जडली आहे, ती मला पटत नाही. नियम आपल्याकडे आहे. दारव्हा-दिग्रसच्या किती शेतांतून उश्र निघतो, हे आपण जाणतो.

समाजवादाशी आपला मतभेद पुढच्या पायरीवर होतो. मालमत्ता मुळात अल्लाहची आणि माणूस तिचा विश्वस्त, ही आपली धारणा. त्यामुळे व्यक्तीची मालकी पुसून ती राज्याकडे दिल्याने अन्याय मिटतो, हे आपण मानत नाही. माणूस हा केवळ पोट आणि हात नाही, हेही आहेच. राज्याच्या हाती व्यापार गेल्यावर काय होते, याचा थोडासा अनुभव आपल्याच जिल्ह्याने घेतला. 1972 मध्ये महाराष्ट्राने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याची सुटका आणि हमीचा भाव. तथापि, शेजारी भाव चढला की कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई, आणि येथील शेतकरी केंद्रावर बैलगाड्यांच्या रांगेत व पुढे चुकाऱ्याच्या प्रतीक्षेत राही. मदीनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी विनंती करूनही प्रेषित (स.) यांनी दर ठरविण्यास नकार दिला, कारण कोणाच्याही हक्काचा भार घेऊन त्यांना अल्लाहला भेटायचे नव्हते. मात्र इमाम इब्न तैमिया यांनी व्यापारी साठेबाजी करून लोकांना नाडत असतील तर दर ठरविणे हाच न्याय होय, असे मांडले. म्हणजे बाजार पवित्र नाही आणि सरकारही नाही. योजना फसली म्हणून व्यापाऱ्याचा तराजू खरा ठरत नाही. ओलाव्याच्या नावाखाली वजनात कपात करणाऱ्याने सूरह अल्-मुतफ्फिफीन अर्थासह वाचावी.

2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. फवारणारे अनेक जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारे होते. मजुराकडून पूर्ण काम घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी असेल, असे हदीसमध्ये आले आहे. मग तोंडावर बांधायला साधा रुमालही न देता विषाचा पंप ज्याच्या पाठीवर चढविला, त्याचा दावा केवळ रोजाच्या पैशांपुरता असेल काय? आपल्यापैकी काहींची शेती आहे, काहींची कृषी सेवा केंद्रे, काहींचे जिनिंग. रमजानमध्ये जकात काढणारा हात आणि मजुराला ‘पुढच्या बाजारी ये’ म्हणणारा हात एकाच माणसाचा असू शकतो.

उश्र काढताना लागवडीचा खर्च वजा करावा की नाही, थोड्या उत्पन्नावर तो द्यावा की ठराविक मापानंतर, भारतातील जमिनींवर तो कितपत लागू होतो, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या परिसरातील आलिमांना जरूर विचारावे. मजुराची मजुरी मात्र त्या निकालासाठी थांबविता येणार नाही; ती पोळ्यापासून थकलेली आहे.