आत्म्याला लिंग नसेल तर

महाभारताच्या शांतिपर्वातली संन्यासिनी सुलभा जनकाकडे येते, तेव्हा स्वतःला मुक्त म्हणवणारा तो राजा तिला तू कोण, कोणाची, कुठून आलीस असं विचारतो आणि तिच्या स्त्रीपणावरही बोट ठेवतो. तिचं म्हणणं असं की, सगळ्यांत एकच आत्मा तुला खरोखर दिसत असता तर हे प्रश्न तुला पडलेच नसते. ‘आत्म्याला लिंग नसतं, मग शरीर बदलायचा हट्ट कशाला?’ असं पारलिंगी माणसाला सुनावणारे भाविक मला जनकाच्याच जागी उभे दिसतात. लिंग इतकं मिथ्या असेल तर लग्न जुळवताना, देवळाच्या रांगेत, रेशनकार्डावर ते एवढं खरं कसं होतं? व्यवहार आणि परमार्थ या पातळ्या वेदान्तानेच वेगळ्या ठेवल्या आहेत. मुतखड्याने तळमळणाऱ्याला ‘तू देह नाहीस’ म्हणून कुणी दवाखान्याच्या दारातून परत पाठवत नाही.

पारलिंगी माणसाची तळमळ खरी कशावरून, हा पुढचा आक्षेप. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये आपल्या निदानग्रंथात ‘जेंडर डिस्फोरिया’ हा शब्द घेतला तो एक भेद स्पष्ट करण्यासाठीच: वेगळी ओळख हा विकार नाही, शरीर आणि ओळख यांच्या फारकतीतून होणाऱ्या यातनेला उपचार हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणातही ही अवस्था मानसिक विकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. आजार नाही तर औषध कसलं, असं विचारणाऱ्यांनी गरोदरपण आठवावं. तो आजार नसला तरी डॉक्टर लागतोच. अल्पवयीनांच्या बाबतीत मात्र सावधपणा हवा. इंग्लंडमधल्या डॉ. हिलरी कॅस यांच्या 2024 च्या अहवालाला त्या वयातल्या संप्रेरक-उपचारांमागचा पुरावा कमकुवत आढळला, आणि हे पारलिंगी लोकांच्या बाजूने बोलणाऱ्यानेही लपवू नये. पण जाणत्या, प्रौढ माणसाला अडवायला तो अहवाल पुरत नाही. काहींना पुढे पश्चात्ताप होतो, हेही खरं. त्यासाठी नीट समुपदेशन आणि विचारपूर्वक घेतलेली संमती हवी, दार बंद करणं नव्हे.

‘देवाने दिलेल्या देहाला हात लावू नये’ म्हणणाऱ्यांना आपल्याच परंपरेतला एक शब्द माहीत नसावा. बहुचरा मातेला मानणारा हिजडा समाज लिंगच्छेदाला ‘निर्वाण’ म्हणतो. दाईच्या हातच्या सुरीने, भूल न देता होणाऱ्या या विधीत जीव जाण्याचा धोका असे, तरी माणसं त्याला सामोरी गेली. आजही डॉक्टरांकडे जायची भीती वाटते म्हणून कुणी कुणी मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून स्वतःच्या मनाने घेतं, आणि त्यांतल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. मनाई केल्याने बदल थांबत नाही, तो फक्त अंधारात जातो. मनाई जशी नको, तशी सक्तीही नको: सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या ‘नालसा’ खटल्याच्या निकालात लिंग-ओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदेशीर ठरवला. तरीही पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2019 च्या कायद्यात ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाचं प्रमाणपत्र जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची अट लिहिली गेली. जनकाचा प्रश्न आता अर्जाच्या रकान्यात आला आहे, आणि सुलभेला उत्तरासोबत पुरावाही जोडावा लागतो.