न विचारता सांगितलेले सत्य

पिस्तूल जवळ बाळगून गाडी चालवण्याची मुभा अमेरिकेत अनेकांना आहे. पोलिसाने गाडी अडवली, तर ते आपण होऊन सांगावे काय? याबाबत राज्याराज्यांचे कायदे निराळे. मिशिगनमध्ये ताबडतोब सांगणे बंधनकारक. मिनेसोटात पोलिसाने विचारले तरच.

त्याच मिनेसोटात, फाल्कन हाइट्स येथे, ६ जुलै २०१६ रोजी फिलँडो कॅस्टील या ३२ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने, कोणी विचारले नसताना, अदबीने सांगितले की आपल्यापाशी शस्त्र आहे. परवानाही होता. काही सेकंदांत पोलिसाने ७ गोळ्या झाडल्या. मागच्या आसनावर ४ वर्षांची मुलगी बसली होती. कॅस्टील एका शाळेच्या भोजनगृहात काम करी. (मी शाळामास्तर, हा तपशील मला अधिक झोंबला.) २०१७ साली ज्यूरीने पोलिसाला निर्दोष ठरवले.

महाभारतातल्या कौशिकाच्या सत्याने इतरांचे प्राण गेले. येथे सांगणाऱ्याचेच गेले. मग गप्प बसावे? मला तसे म्हणवत नाही. न सांगितलेले शस्त्र अचानक दिसले, तर पोलीस घाबरणारच, आणि ते भय अवाजवी म्हणता येणार नाही. पण सत्य एकट्याने सांगून होत नाही. सांगणाऱ्याचे कर्तव्य कलमात लिहिलेले असते. ऐकणाऱ्याने किती थांबावे, हे मात्र बव्हंशी त्याच्या भीतीच्या मापाने ठरते.

हात स्टिअरिंगवर ठेवून मगच बोलावे, असा सल्ला तेथे देतात. शहाणपणाचाच आहे. परंतु कॅस्टीलकडे गाडीचे लायसन्स मागितले होते, आणि लायसन्स खिशात असते.