वस्ती पायाखालची कर

सोलापूर

चि. छोटीस,


मँचेस्टरला अँकोट्समध्ये खोली मिळाली, नोकरीवर रुजू झालीस, हे ऐकून आजीने देवापुढे साखर ठेवली. पण ट्रॅमने कामावर जाते, ट्रॅमने परत येते, बाकी काही पाहिलं नाही, असं तू फोनवर म्हणालीस. म्हणून हे पत्र. नोकरीने पोट भरेल; पण वस्ती आपली व्हायची, तर ती पायाखालची झाली पाहिजे.

आपल्या गावाची रीतच ही आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सोलापूर परिसरात 68 लिंगं स्थापली, अशी आपली श्रद्धा. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सात नंदीध्वज पेलत माणसं चालत त्या लिंगांपर्यंत जातात. त्या वाटेने जो चालला, त्याला गाव शिकवावं लागत नाही. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही बसमधून नुसती थांब्यांची नावं; चालत गेलं की जुन्या गावाची हद्द कुठे होती ते कळतं. पूर्व भागात शिरलं की कानावर तेलुगू येते, मागांचा खडखडाट येतो, आणि चादर कुणाच्या कष्टाने विणली जाते ते समजतं.

आता तुझं अँकोट्स. तिथल्या लाल विटांच्या उंच इमारती पाहून बिचकू नकोस, त्या कापडगिरण्या आहेत. रेडहिल स्ट्रीटवरच्या मरे बंधूंच्या गिरणीचं बांधकाम 1798 साली सुरू झालं; वाफेवर चालणाऱ्या सूतगिरण्यांच्या ज्या इमारती जगात टिकून आहेत, त्यांतली ही सर्वांत जुन्यांपैकी. तिच्यासमोर रॉचडेल कालवा आहे, तो 1804 साली पूर्ण झाला. आज त्या गिरण्यांत माणसं भाड्याने राहतात. आपली जुनी मिल 1877 ची. तिच्या भोंग्यावर ज्या घरांची घड्याळं लागत, त्यांतलं एक आपलं. तेव्हा त्या विटांशी तुझं नातं आहे, आणि ते गोडच आहे असंही नाही. तिथल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावामुळे 1896 साली इंग्रज सरकारने आपल्याकडच्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला होता. हे विसरू नकोस. पण तिथल्या गिरण्यांत राबणारी बाईमाणसं आणि पोरं आपल्याच लोकांसारखी होती, हेही विसरू नकोस.

एका रविवारी अर्ध्या तासाच्या चालीवरचं पीटरलूचं स्मारक बघून ये. 16 ऑगस्ट 1819 रोजी मतदानाचा हक्क मागायला ओल्डहॅम, मिडलटन, रॉचडेलहून हजारो माणसं पायी मँचेस्टरला आली होती. त्यांच्यावर घोडदळ घातलं गेलं. स्मारकाच्या दगडी पायऱ्यांवर मेलेल्यांची नावं आहेत, आणि माणसं ज्या गावांहून चालत आली त्या गावांचीही. ती वाचताना मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा ही नावं मनात आण. स्वातंत्र्यलढ्यात मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. परक्या गावाचं दुःख पायी जाऊन समजून घेतलं, की ते गाव परकं उरत नाही.

आता कामाचं सांगतो. आधी दाराबाहेर पडून पाव तासाच्या अंतरातलेच रस्ते चाल, रोज वेगळ्या दिशेला. निघण्याआधी नकाशा बघ, मग फोन खिशात ठेव. चुकलीस तर माणसाला विचार. विचारल्याने ओळख होते. एकच रस्ता सकाळी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बघ, तीन वेळा तीन तऱ्हेची माणसं दिसतील. दूध-पाव शक्यतो एकाच छोट्या दुकानातून घे, म्हणजे चार दिवस दिसली नाहीस तर कुणीतरी चौकशी करेल. सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व तिथे फुकट मिळतं, ते पहिल्या आठवड्यातच घे. वस्तीच्या जुन्या गोष्टी तिथेच हाती लागतील.

सांभाळूनही राहा. छत्रीपेक्षा पाऊस अडवणारं जाकीट बरं. कालव्याकाठची वाट उजेडात सुंदर आहे, पण अंधारात एकटीने तिकडे जाऊ नकोस. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. 2022 पासूनच्या तिथल्या नियमाप्रमाणे, वळणाऱ्या गाडीने रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं. तरी चालकाने तुला पाहिलंय याची खात्री करूनच पाऊल टाक.

दिवस अजून मोठे आहेत, तेव्हा येत्या रविवारपासूनच सुरुवात कर. जे रस्ते पायी पाहिलेस त्यांची नावं मला लिहून पाठव. मी इथे नकाशावर शोधीन. आणि उद्या आपल्याकडचं आणखी कुणी त्या वस्तीत राहायला आलं, तर पहिल्याच सुट्टीला त्याला सोबत घेऊन चालायला नीघ.

तुझा,
मामा