धूर सुटला, रस उरला?

पावसाळ्यातल्या एका रात्री साडेअकराच्या सुमारास धाकट्या भावाचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. "दादा, झोपला नाहीस ना? मी व्हेपच्या दुकानात उभा आहे. पेनसारखं एक आहे, काड्यापेटीपेक्षा जरा मोठं असं एक आहे. आंबा, पुदिना, तंबाखू, स्वाद तर विचारू नकोस. कोणतं घेऊ?"

मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. बडोद्याला बसून मी त्याला काय सांगणार? "दुकानदारालाच विचार," असे म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग खरा प्रश्न बाहेर आला. "हे घेतलं आणि सिगारेट बंद केली, तर आईला 'सोडली' असं सांगू का?"

आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. सहा वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला असताना त्याच्या सिगारेटचे आईला कळले. ती रागावली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या चहात साखर घातली नाही. "तो सोडेल त्या दिवशी घेईन," एवढेच म्हणाली. तेव्हापासून दोन्ही वेळचा चहा ती बिनसाखरेचा पिते आणि त्याविषयी अक्षरही काढत नाही. भावाने "सोडली" म्हटले की तिच्या कपात साखर पडणार होती. ते म्हणणे खरे ठरेल का, हे त्याला माझ्याकडून ऐकायचे होते.

त्या रात्री मला उत्तर देता आले नाही. पुढे काही आठवडे मी या विषयावर वाचत राहिलो, विचार करत राहिलो. ते चिंतन इथे मांडतो, कारण एका सवयीच्या जागी दुसरी आणून पहिली सुटली असे समजणे आपल्यापैकी कोणी केलेले नाही? सिगारेट न ओढणाऱ्यालाही हा प्रश्न लागू आहे.

यंत्र काय करते, काय करत नाही

सिगारेटकडे माणसाला पुन्हा पुन्हा ओढून नेते ते निकोटीन. झुरका घेतल्यावर काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर बरे वाटते. साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते आणि हात पुन्हा खिशाकडे जातो. परंतु कर्करोग आणि फुप्फुसांचे गंभीर आजार होतात ते प्रामुख्याने धुरामुळे. तंबाखू जळताना टार, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर अनेक विषारी द्रव्ये तयार होतात, ती शरीर पोखरतात. बांधून ठेवणारा एक आणि मारणारा दुसरा, असा हा प्रकार आहे.

व्हेपमध्ये काही जळत नाही. बॅटरीवर एक बारीक तार तापते आणि निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. आजच्या स्वरूपातले हे यंत्र २००३ च्या सुमारास हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने बनवले. तो स्वतः खूप सिगारेट ओढत असे आणि त्याचे वडीलही ओढणारे होते. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. म्हणजे या यंत्राच्या मुळाशी एका घरातले दुःख आहे, हे विसरू नये.

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये असे मत दिले की व्हेप हे सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली. पण सिगारेटपेक्षा धोका पुष्कळ कमी, या मुद्द्यावर तिथली आरोग्ययंत्रणा ठाम राहिली. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेटच्या बदल्यात व्हेपचा संच देण्याची योजना जाहीर केली. त्याच वेळी तीच यंत्रणा हेही सांगते की हे यंत्र निरुपद्रवी नाही, आणि जो सिगारेट ओढत नाही त्याने व विशेषतः मुलांनी त्याला हात लावू नये.

अठरा आणि ऐंशी

वाचताना एका प्रयोगाने मला थांबवले. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवर केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व जण सिगारेट सोडू इच्छिणारे होते. काहींना निकोटीनच्या पट्ट्या, च्युइंगम असे उपाय दिले, काहींना व्हेप. एका वर्षानंतर व्हेपच्या गटातले १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. म्हणजे व्हेपचा उपयोग जवळजवळ दुप्पट झाला. पण याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. ज्यांची सिगारेट सुटली, त्यांच्यापैकी किती जण वर्षानंतरही दिलेले साधन वापरत होते? पट्टी-गमच्या गटात ९ टक्के. व्हेपच्या गटात ८० टक्के.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषय आणि रस यांतला भेद सांगितला आहे. आहार थांबवला की विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मनात शिल्लक राहते. ती गोडी जाते ती त्याहून श्रेष्ठ असे काही दिसल्यावर. त्या ऐंशी टक्क्यांकडे पाहताना मला तो श्लोक आठवला. त्यांचा धूर सुटला. रस राहिला.

दोन घाईचे निकाल

इथे दोन निकाल लगेच देता येतात आणि दोन्ही मला अपुरे वाटतात.

पहिला निकाल कडक साधकाचा: "हे सगळे एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाण्याची खिचडी ओरपून उपवास होत नाही, तसे वाफ ओढून व्यसन सुटत नाही." ऐकायला हे खरे वाटते. पण माझ्या भावाला चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या बापाच्या कपड्यांना आणि श्वासाला आता धूर नाही. त्याच्या फुप्फुसांत रोज पंधरा सिगारेटींचे टार उतरत होते, ते थांबले. ज्याला हे काहीच वाटत नाही, त्याचे लक्ष त्या माणसाकडे नसून स्वतःच्या शुद्धतेकडे आहे. खालच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्याला हसलो, तर तो वर येत नाही. तो परत रस्त्यावर जातो.

दुसरा निकाल सैल आहे: "नुकसान कमी झाले ना? मग झाले. निकोटीन राहिले तर राहू दे." शरीराच्या हिशोबाने यात तथ्य आहे. पण सकाळी डोळे उघडताच ज्याचा हात यंत्र शोधतो, विमानात तीन तास बसायचे म्हटले की जो अस्वस्थ होतो, मुलीशी खेळताना मध्येच उठून जो गॅलरीत जातो, तो मोकळा झाला असे कसे म्हणावे? मालक पूर्वी मारणारा होता, आता कमी मारतो. पण हुकूम त्याचाच चालतो. शिवाय पुष्कळ जण दोन्ही ठेवतात, ऑफिसात वाफ आणि बाहेर सिगारेट. त्यांना वाटते आपण अर्धे सुटलो. प्रत्यक्षात धूर चालूच असतो, म्हणून शरीराला फारसा फायदा होत नाही, आणि मनाला मात्र एक सबब मिळते.

मग खरे काय?

मला जे उमगले ते असे. पर्याय निवडणे हे पापही नाही आणि त्यागही नाही. पर्याय घेतल्यावर आपण त्याला कोणते नाव देतो, यावर त्याचे नैतिक मोल ठरते. पायरीला पायरी म्हटले तर ती चढता येते. पायरीलाच माडी म्हटले की माणूस तिथेच अंथरूण घालतो. म्हणून पर्याय घेणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात.

मी नक्की काय सोडले आणि काय सोडलेले नाही? हे मी एका वाक्यात, माझ्यावर प्रेम करणाऱ्या माणसासमोर सांगू शकतो का? आणि या पायरीवरून पुढे जाण्याचा मार्ग मी आखला आहे का?

भावाला मी हे तीन प्रश्न पाठवले. तो लगेच काही बोलला नाही. आठवड्याने त्याने आईला फोन केला. मी शेजारीच बसलो होतो. "आई, सिगारेट बंद करून सव्वा महिना झाला. पण त्याच्या जागी एक वाफेचं यंत्र आहे, त्यात तेच निकोटीन आहे. धूर सोडलाय, निकोटीन अजून सुटलं नाही. तुला खोटं सांगायचं नव्हतं."

आईने थोडा विचार केला. "धूर गेला ना? मग आजपासून अर्धा चमचा घेते," ती म्हणाली. "उरलेला अर्धा तुझ्याकडे जमा आहे, बाळा."

माझ्या इतक्या वाचनातून जे निघाले नव्हते ते तिच्या अर्ध्या चमच्यात होते. तिने त्याची धडपड नाकारली नाही आणि ती पुरी झाली असेही मानले नाही.

आपल्याकडे मात्र

हा अनुभव मी आमच्या साप्ताहिक बैठकीत सांगितला. संपल्यावर एक गृहस्थ बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या इथे पानवाल्याकडे मिळतं ते. मीही घेऊ का? विड्यांनी छाती भरून आली आहे."

त्यांना मी जे सांगितले ते सर्वांसाठी लिहितो. भारतात ई-सिगारेटवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात हे सर्व गुन्हे आहेत. विकणाऱ्याला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. ते म्हणाले, "जास्त मारणारी विडी उघड मिळते आणि कमी मारणारं यंत्र बंद, हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त आहे. लहान मुले या नव्या व्यसनात ओढली जाऊ नयेत हे बंदीमागचे एक मोठे कारण होते. त्यावर मतभेद असू शकतात आणि ते उघडपणे मांडावेत. पण पानाच्या टपरीमागून चोरून घेतलेल्या यंत्रात कोणता द्रव आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अमेरिकेत २०१९-२० मध्ये फुप्फुसांच्या एका तीव्र आजाराने २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात गेले आणि ६८ दगावले. गांजातील अंश असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने घेतलेल्या द्रवात मिसळलेले एक तेलकट द्रव्य त्याचे मुख्य कारण निघाले. लपून मिळणाऱ्या वस्तूचा हा धोका आहे. आणि जो आपल्याला चोरून विकतो तोच शाळेतल्या मुलालाही विकतो. आपले पैसे त्याचे दुकान चालवतात. एक बंधन सोडण्यासाठी लपवाछपवीचे दुसरे बंधन का बांधून घ्यावे?

आपल्याकडे पायऱ्या नाहीत असे नाही. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम औषधांच्या दुकानात मिळतो. तो कसा चघळायचा हे मात्र डॉक्टरांकडून किंवा औषधविक्रेत्याकडून समजून घ्यावे. तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे समुपदेशन मिळते. गुटखा-मशेरीवाल्यांसाठीही तो तितकाच आहे. आपल्या देशात ओढणाऱ्यांपेक्षा चघळणारे-लावणारे अधिक आहेत. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची ओढ बरीच ओसरते. तलफेची एक लाट सहसा काही मिनिटांचीच असते. तेवढी मिनिटे नामस्मरणात, दीर्घ श्वासात किंवा कोणाशी बोलण्यात गेली, तर लाट निघून जाते. इथे साधनेचा थेट उपयोग आहे. रस जातो तो त्याहून मोठा रस लागल्यावर, हे गीतेतले वचन अशा पाच-पाच मिनिटांत अनुभवाला येते.

भावाचे आज काय? त्याने १८ मिलिग्रॅमच्या बाटलीपासून सुरुवात केली होती, आता ६ वर आहे. घाईने कमी केले तर सिगारेटकडे परत वळण्याची भीती असते, म्हणून तिथल्या सल्लागाराने त्याला सावकाश उतरायला सांगितले आहे. मार्चमध्ये नोकरीवर संकट आले त्या आठवड्यात त्याने दोन सिगारेटी ओढल्या, आणि त्याच रात्री फोन करून आईला सांगितले. दुसऱ्या दिवशी आईने चहात साखर घातली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा चमचा घातला.

डबा ओट्यावरच असतो. उरलेल्या अर्ध्या चमच्याची ती वाट पाहते आहे.