कविता आधी आपल्याला पाठ हवी

"कविता पाठ झाली का? म्हणून दाखव बघू." शाळेच्या दिवसांत हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मूल समोर उभं राहतं, आई किंवा बाबा पुस्तक उघडून बसतात आणि मूल अडखळलं की टोकतात. एखाद्या उलटतपासणीसारखं ते सगळं चालतं. विचारणाऱ्याला स्वतःला ती कविता येत नसते, म्हणून तर पुस्तक हातात लागतं. मला वाटतं, गाडी अडते ती इथेच. मुलाला कविता यावी असं वाटत असेल, तर आधी ती आपल्याला यायला हवी.

दिवेलागणीच्या परवच्यात हे आपोआप घडत असे. आजी श्लोक म्हणायची, नातवंडं मागून म्हणायची. समर्थांचे मनाचे श्लोक २०५. त्यांचं वृत्त भुजंगप्रयात. ओळीला बारा अक्षरं, एक लघु आणि दोन गुरू, असं चार वेळा. चार-पाच वर्षांच्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नसतं, पण एक अक्षर गळलं तरी त्याचा कान थबकतो. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण, मग चार अक्षरांचा एक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ही नुसती सजावट नव्हे. लिहिणं-वाचणं मोजक्यांनाच येत होतं त्या काळात लोकांच्या ध्यानात राहावं, म्हणून शब्द असे बांधलेले आहेत. हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या कुठल्या वहीत नव्हत्या, बायकांच्या तोंडी होत्या. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या काम करता करता रचत आणि म्हणत, घरातल्यांनी ते टिपून घेतलं. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली. घरात कान देणारं कुणी होतं म्हणून आज ती पाठ्यपुस्तकात आहेत.

पाठांतराला मधल्या काळात वाईट नाव पडलं, आणि काही अंशी ते रास्त होतं. गाइडमधली उत्तरं घोकण्यात मुलांची वर्षं वाया जातात. उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहिता येतं, म्हणून ते पाठ करण्यात अर्थ नाही. कवितेचं तसं नाही. तिच्यातला शब्द बदलला की ती कविताच राहत नाही. ती जशीच्या तशी जवळ ठेवावी लागते.

मग ती मुलाजवळ पोचवायची कशी? पहिले एक-दोन दिवस त्याला काहीच विचारू नका. पोळ्या लाटताना, वेणी घालताना, शाळेच्या वाटेवर ती आपणच म्हणा, त्याच्या कानावर पडू द्या. मग ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबा. यमकाचा शब्द मूल बरोबर पुरवतं आणि त्याला त्याचा आनंद होतो. पुढे अर्धी ओळ सोडा, मग पूर्ण. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मुलांचं पहिलं कडवं पक्कं असतं आणि शेवटचं कच्चं, कारण दर वेळी सुरुवात पहिल्यापासूनच होते. एखाद्या दिवशी मुद्दाम शेवटच्या कडव्यापासून सुरू करा. रात्री म्हटलेलं सकाळी पुस्तक न उघडता आठवू द्या. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा असं आठवण्यानं कविता जास्त पक्की होते. अडलं तर लगेच ओळ सांगू नका, थोडं थांबा आणि मग पहिलं अक्षर तेवढं सुचवा. ते म्हणत असताना मध्येच उच्चार सुधारू नका. शेवटपर्यंत जाऊ द्या, नंतर आपण एकदा शुद्ध म्हणून दाखवा. आणि घरच्या बोलीचा हेल कवितेत उतरला तर हसू नका. बहिणाबाईंची कविता लेवा गणबोलीतलीच आहे.

अर्थ आधी समजला पाहिजे, असा आग्रह अनेक जण धरतात. लहान मुलांच्या बाबतीत मला तो पटत नाही. नाद आधी येतो. अर्थाचं कुतूहल मागून येतं, तेव्हा मूल स्वतःच विचारतं, आणि त्या वेळी दिलेलं उत्तर त्याच्या मनात बसतं. कधी कधी ते कुतूहल यायला दहा वर्षं लागतात. लागू द्यावीत. कविता आत असली, तर अर्थ कधीही येऊन तिला भेटू शकतो.

म्हणण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. शाळेत कवितेला चाल लावतात, ते चांगलंच आहे, चालीवर शब्द लवकर बसतात. पण तेवढ्यावर थांबलं तर मुलाला चालीशिवाय ओळच आठवत नाही, आणि पावसाची कविता नि आईच्या आठवणीची कविता एकाच ठेक्यात निघते. म्हणून चालीवर येऊ लागली, की ती एकदा कुणाला तरी सांगितल्यासारखी म्हणायला लावा, आजोबांना, धाकट्या भावाला. परदेशी वाढणाऱ्या नातवंडांकडून फोनवर ऐका. स्पर्धांसाठी मात्र 'सूर्य' म्हटलं की हात वर आणि 'फूल' म्हटलं की ओंजळ असे हातवारे बसवले जातात, ते पाहून मला वाईट वाटतं. मुलाचं सगळं लक्ष हातांकडे जातं. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगावी एकत्र काव्यवाचन केलं. तिघांची धाटणी वेगवेगळी होती आणि तरी गर्दी तिघांनाही ऐकत होती. मुलालाही त्याची स्वतःची धाटणी सापडू द्यावी. पाहुण्यांसमोर उभं करून "म्हण ना, म्हण ना" ही सक्ती तर करूच नये. ज्याला आवडेल ते मूल आपण होऊन म्हणेल.

तेव्हा आज एवढं करा. मुलाच्या यंदाच्या बालभारतीच्या पुस्तकातली एक छोटी कविता निवडा. निवड त्यालाच करू द्या. आणि येत्या रविवारपर्यंत ती आधी तुम्ही पाठ करा.